नकाशावरचा झोन आणि कॉलममधली रिंग

(हिंगोली येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी या जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा धक्का बसला. लोक अंगणात, रस्त्यावर येऊन उभे होते तेवढ्यात, सहा वाजून एकोणीस मिनिटांनी, ३.६ चा दुसरा बसला. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५. या वेळी केंद्र कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याजवळ होतं, आणि नांदेड-परभणीपर्यंत हादरा जाणवला. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. मार्चच्या धक्क्यांनंतर प्रशासनाने एक साधी सूचना केली होती : पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड काढून घ्या. मला ती सूचना फार आवडली. एवढ्या एका वाक्यात भूकंपशास्त्राचा निम्मा धडा आहे. हलणारी जमीन माणसाला मारत नाही, आपणच डोक्यावर नेऊन ठेवलेलं वजन मारतं.

वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाला आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांना हे नवं नाही. तिथे वर्षानुवर्षं जमिनीतून आवाज येतात. खूप उथळ, लहान हादरे असले म्हणजे कठीण खडकातून आलेली लहर जमिनीवर पोचून हवेत ऐकू येते, कंप मात्र पायाला जेमतेम कळतो. तिथले लोक आवाजाला सरावले आहेत. सरावणं ही माणसाची मोठी शक्ती आहे, पण घर बांधताना तिचा काही उपयोग नाही.

या जिल्ह्यात भूकंपाचा विषय काढला की दोन उत्तरं हमखास मिळतात. एक, ‘आपल्याकडं मोठा होत नाही.’ दुसरं, ‘आमचं काय, आमचं स्लॅबचं घर आहे.’ पहिल्या उत्तराला मी थोडाच वेळ देणार आहे. आजचं व्याख्यान दुसऱ्यावर आहे.

पहिल्याबद्दल एवढंच. १९९३ साली देशाच्या अधिकृत भूकंप-नकाशात किल्लारी झोन एकमध्ये होती, म्हणजे सर्वांत निर्धोक भागात. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना, आदल्या दिवशीचं गणपती विसर्जन उरकून लोक झोपले होते तेव्हा, तिथे सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जवळजवळ आठ हजार माणसं गेली. किल्लारी इथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत आहे. २००२ साली नकाशा बदलला. झोन एक काढूनच टाकला, तो दोनमध्ये मिसळला, आणि लातूर-किल्लारीचा भाग तीनमध्ये गेला. म्हणजे माणसं आधी गेली, रंग नंतर बदलला. २०१६ च्या मानकात हिंगोली झोन दोनमध्ये आहे. मी इथे उद्या किल्लारी होणार असं सांगायला आलेलो नाही, आणि असं सांगणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवू नका. ४.५ आणि ६.२ या आकड्यांत बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचं अंतर सुमारे साडेतीनशे पटींचं आहे. तुम्ही अनुभवला तो धक्का त्या मानाने लहान होता. पण ‘झोन दोन’ याचा अर्थ ‘तुलनेने कमी शक्यता’ एवढाच आहे. त्यात ‘कधीच नाही’ असं कुठेही लिहिलेलं नाही.

जाता जाता एक गंमत. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे, २०२३ साली केंद्र सरकारने तिला २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तर तो मोजायचा. अशा यंत्राला जमिनीची खळबळ कमी असलेली जागा लागते, म्हणून मोठी शहरं, रेल्वे, कारखाने टाळून ही जागा शोधली. आणि तरीही त्या यंत्रातले आरसे जमिनीला थेट टेकवत नाहीत, एकाखाली एक लोंबत्या टप्प्यांवर टांगतात. शांत जागा निवडल्यावरही जमिनीवर भरवसा ठेवायचा नाही, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून धरून चाललेलं आहे. आपण घराला आरशासारखं टांगू शकत नाही. त्याला जमिनीबरोबर हलावंच लागणार.

आता दुसरं उत्तर. किल्लारीत काय पडलं? दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर लाकूड आणि मातीचा थर असलेली धाब्याची घरं. त्यातून अख्ख्या मराठवाड्याने एक धडा घेतला : दगडमाती वाईट, सिमेंट-सळई चांगली. धडा चूक नाही, पण अर्धा आहे. त्याच भूकंपात काँक्रीटच्या खांबांवर उभी असलेली पाण्याची एक टाकी सरळ खाली बसली. तिचे सहाही खांब तिच्याच तळाखाली गाडले गेले. खांबांत सिमेंट होतं, सळई होती. टाकीचं पाणी त्यांनी वर्षानुवर्षं बिनतक्रार पेललं होतं.

इथेच मुद्दा आहे. रोजचं वजन पेलणं ही एक परीक्षा, आणि आडवा हेलकावा सोसणं ही वेगळी. स्लॅब, माणसं, धान्याची पोती, टाकी यांचं वजन खाली जातं आणि कॉलम ते दाबाने घेतो. काँक्रीटला दाब मानवतो. भूकंपात जमीन बाजूला सरकते, वरचं वजन मात्र मागे राहू पाहतं. मग कॉलम वाकतो, बीम वाकते, आणि सगळा ताण बीम-कॉलम जिथे भेटतात त्या सांध्यात आणि त्याच्या हातभर अलीकडे-पलीकडे साठतो. भिंतींच्या जिवावर उभं न राहता बीम, कॉलम आणि त्यांचे पक्के सांधे एवढ्यांवरच आडवा जोर पेलणाऱ्या सांगाड्याला इंजिनिअर ‘मोमेंट फ्रेम’ म्हणतात. बाजाररस्त्यावर उभी असलेली बहुतेक दुमजली-तिमजली घरं दिसायला अशीच आहेत.

थोडं गणित सांगतो. ते कुणी सांगत नाही, आणि ते कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही. २०१६ च्या भूकंप-मानकाच्या हिशेबाने, झोन दोनमधली कमी उंचीची इमारत, तिला काहीही इजा न होऊ देता टिकवायची म्हटलं, तर तिच्या वजनाच्या साडेबारा टक्के आडवा जोर धरावा लागतो. पण आम्ही इंजिनिअर तेवढा धरत नाही. साध्या फ्रेमसाठी त्याला तीनने भागतो. उरतो साधारण ४.२ टक्के. झोन तीनमध्ये मूळ जोर वीस टक्के, पण तिथे साधी फ्रेम चालत नाही, विशेष तपशिलाचीच लागते, आणि तिच्यासाठी भागाकार पाचने. उरतो ४ टक्के. म्हणजे आज किल्लारीत नियमाने बांधलेली इमारत आणि हिंगोलीत नियमाने बांधलेली इमारत कागदावर जवळजवळ सारख्याच आडव्या जोरासाठी काढलेल्या असतात!

मग तीनने किंवा पाचने भागून जो जोर आम्ही सोडून दिला, तो जातो कुठे? तो कुठेही जात नाही. भूकंप पुरा येतो. राहिलेला हिशेब इमारतीने वाकून चुकता करायचा असतो. सळई ताणली जाते, काँक्रीटला भेगा पडतात, घर डगमगतं, खराब होतं, पण उभं राहतं आणि आतली माणसं बाहेर येतात. वाकूनही न तुटण्याच्या या गुणाला तन्यता म्हणतात. पाचने भागायची मुभा ही या गुणाच्या भरवशावर मिळते. तो गुण प्रत्यक्ष बांधकामात नसेल, तर कागदावरचा भागाकार नुसती हातचलाखी ठरतो.

हा गुण जास्त सिमेंट घालून येत नाही. उभी सळई वाढवूनही येत नाही. नको तिथे वाढवली तर उलट कमी होतो. तो मुख्यतः येतो उभ्या सळयांभोवती आडव्या बांधलेल्या रिंगांतून.

कॉलमवर फार दाब आला की आतलं काँक्रीट आडवं फुगू पाहतं, आणि उभ्या सळया बाहेरच्या बाजूला वाकू पाहतात. रिंग त्यांना आवळून धरते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून लोखंडी धाव चढवतो, तसं तिचं काम आहे. धाव गाडीचं ओझं स्वतः उचलत नाही, पण ती निसटली की चाकाचे तुकडे हातात येतात. आता आपल्याकडच्या साइटवर रिंग कशी असते ते आठवा. सहा किंवा आठ मिलिमीटरची, आठ-आठ इंचांवर, आणि तिची दोन्ही टोकं काटकोनात वळवून बाहेरच्या कव्हरमध्ये, म्हणजे सळयांवरच्या काँक्रीटच्या थरात, सोडलेली. भूकंपाच्या पहिल्या दोन-चार हेलकाव्यांत कव्हरचं काँक्रीट गळून पडतं, आणि टोकांना धरायला काही उरत नाही. रिंग उघडते. त्यानंतर ती असून नसल्यासारखी. मानक सांगतं ते एवढंच, की टोक १३५ अंशांत, म्हणजे कॉलमच्या आतल्या काँक्रीटकडे वळवा. मग कव्हर गेलं तरी टोक आत रुतलेलं राहतं. कॉलमच्या खालच्या आणि वरच्या टोकाला निदान दीड फुटापर्यंत रिंगा दाट करा. एक फुटी कॉलमला तीन इंचांवर एक. बीमच्याही दोन्ही टोकांना दाट करा. आणि सांध्याच्या आतसुद्धा घाला. ही शेवटची जागा सगळ्यात दुर्लक्षित. चारी बाजूंनी बीमच्या सळया आल्या की तिथे हात जात नाही, फिटर वैतागतो, आणि सांध्यात रिंग राहूनच जाते. वरचा सगळा मजला त्या सांध्यावर लटकणार असतो.

हे शहाणपण जगाला फुकट मिळालेलं नाही. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी कॅलिफोर्नियात सान फर्नांडोला भूकंप झाला. तिथलं ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय नुकतंच बांधून झालं होतं. एकाच इमारतीत दोन तऱ्हांचे कॉलम होते. काहींना दूरदूरच्या साध्या रिंगा, काहींना सर्पिल आकारात सलग आणि दाट गुंडाळलेली सळई. इमारत दोनेक फूट बाजूला सरकली. साध्या रिंगांचे कॉलम फुटून त्यांचा चुरा झाला. सर्पिल सळईचे कॉलम भयानक तिरके झाले, कव्हर सोलून निघालं, पण त्यांनी वरचे मजले पडू दिले नाहीत. पुढे ती इमारत पाडावी लागली, ती गोष्ट वेगळी. इंजिनिअरांच्या एका अख्ख्या पिढीने ते फोटो पाहून रिंगेकडे नव्याने पाहिलं. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये रॉबर्ट पार्क आणि मूळचे हंगेरीचे टॉम पॉले यांनी हा विचार शेवटाला नेला. त्यांचं १९७५ सालचं पुस्तक आमच्या विषयात आजही वाचलं जातं. त्यांची भूमिका अशी की इमारत कुठे मोडायची हे भूकंपाला ठरवू देऊ नका, तुम्ही आधी ठरवा. मोडायचंच असेल तर बीमचं टोक मोडू द्या. बीम मोडली तर एका खोलीचं नुकसान होतं, कॉलम मोडला तर त्याच्या वरचं सगळं येतं. म्हणून सांध्यावर भेटणाऱ्या कॉलमांची वाकणं सोसायची ताकद बीमांच्या ताकदीच्या निदान १.४ पट हवी, असं आपलं तन्यतेचं २०१६ चं मानक सांगतं.

आता आपल्या गावातलं घर पाहा. कॉलम नऊ इंची. का? भिंत नऊ इंची आहे, आणि कॉलमचा कोपरा खोलीत आलेला घरमालकाला खपत नाही, कपाट बसत नाही. बीम मात्र खोल आणि दणकट. म्हणजे नेमकं उलटं. मानक म्हणतं, कॉलमची कोणतीही बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे एक फुटापेक्षा कमी नको. खोलीत तीन इंचांचा कोपरा आला तर येऊ द्या. त्या कोपऱ्याला घरात सगळ्यात मानाची जागा द्यायला माझी हरकत नाही.

त्याहून मोठी गोष्ट आहे तळमजल्याची. रस्त्याला लागून घर असलं की खाली शटरची दुकानं, म्हणजे समोरची भिंत गायब, आणि वर विटांच्या भिंतींनी भरलेले दोन मजले. वरचा भाग ताठ, खालचा लवचिक. सगळं वाकणं खालच्या कॉलमांच्याच वाट्याला येतं. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला तेव्हा अहमदाबाद केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरहून लांब होतं. तरी तिथे कितीतरी बहुमजली इमारती पडल्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचा तळमजला गाड्या लावायला मोकळा ठेवलेला होता. त्या झोपड्या नव्हत्या. बँकेचं कर्ज काढून घेतलेले फ्लॅट होते. २०२३ साली तुर्कस्तानातही जमीनदोस्त झालेल्या घरांत काँक्रीटच्या फ्रेमची घरं ढिगाने होती.

आणखी एक आपल्याकडची सवय. पुढेमागे मुलासाठी वरचा मजला चढवायचा म्हणून स्लॅबच्या वर कॉलमच्या सळया काढून ठेवतात. पाच-दहा वर्षं त्या उन्हापावसात गंजतात. मग वरचा मजला चढवताना नवी सळई त्यांना नेमकी स्लॅबच्या पातळीवरच लॅप करतात, म्हणजे शेजारी लावून जोडतात. कॉलमला सगळ्यात जास्त वाकावं लागतं ती हीच जागा. लॅप कॉलमच्या मधल्या अर्ध्या उंचीत घ्यावा, असा नियम आहे. शिवाय काळ्या मातीतला उथळ पाया, विहिरीच्या पाण्याने सैल केलेला माल, व्हायब्रेटरऐवजी सळईने केलेली टोचाटोची. यावर वेगळं व्याख्यान होईल, म्हणून पुढे जातो.

इथे गुत्तेदार मंडळी बसलेली आहेत, त्यांचा प्रश्न मला माहीत आहे : साहेब, झोन दोनमध्ये हे सक्तीचं कुठं आहे? बरोबर आहे, नाही. तन्यतेचं ते मानक, आयएस १३९२०, झोन तीनपासून पुढे बंधनकारक आहे आणि दोनमध्ये ऐच्छिक. मला हे पटत नाही. आडवा जोर किती धरायचा हे नकाशावरून ठरावं, ते योग्यच आहे. रिंगेचं टोक कुठल्या बाजूला वळवायचं हे नकाशावरून का ठरावं? आणि खर्च किती, तोही मोजू. एक फूट बाय एक फुटाचा, दहा फुटी कॉलम घ्या, आत सोळा मिलिमीटरच्या उभ्या सळया. आठ इंचांवर रिंगा घातल्या तर पंधराएक लागतात. टोकांना तीन इंचांवर, मध्ये सहा इंचांवर आणि सांध्यात चार-पाच घातल्या तर तीस-बत्तीस. आठ मिलिमीटरची एक रिंग साधारण चारशे ग्रॅमची. म्हणजे कॉलममागे सहा-सात किलो सळई वाढली. साठ-पासष्ट रुपये किलोने चारशे-साडेचारशे रुपये. बारा कॉलमांच्या मजल्याला पाच हजारांच्या आसपास. दाराच्या चौकटीवरच्या कोरीव कामाला आपण याहून जास्त देतो. फिटरची मेहनत वाढते हे खरं, आणि तिचे पैसे त्याला वेगळे द्यावेत. सध्या त्याची मजुरी वजनावर किंवा चौरस फुटावर ठरते. रिंग नीट वळवली म्हणून त्याला एक रुपया जास्त मिळत नाही, आणि नाही वळवली म्हणून कुणी विचारत नाही.

आणि एक मत सांगतो, ते माझ्या व्यवसायातल्या काही मित्रांना आवडणार नाही. एकमजली घराला कॉलम करूच नका. घरकुलात, वस्तीवर, शेतात मी पाहतो : चार कोपऱ्यांत चार बारीक कॉलम, भिंत आधी बांधलेली, बीम भिंतीवर टेकलेली, कुणाचा कुणाशी पक्का सांधा नाही. ती ना फ्रेम, ना भिंतीचं घर. तेवढ्याच पैशात सिमेंटच्या मालात चांगली वीटभिंत बांधा, आणि जोत्याच्या पातळीला, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटची सलग पट्टी चारी भिंतींवरून फिरवा, कोपऱ्यात सळया एकमेकींत गुंतवून. किल्लारीनंतर हेच शिकवलं गेलं. कॉलम दिसला की घर पक्कं, हा समज आपल्या डोक्यात कुठून बसला कोण जाणे.

शाळा आणि ग्रामीण रुग्णालयं यांच्या बाबतीत मात्र मी झोनचा विचारच करू नये म्हणतो. मानकात त्यांच्यासाठी आडवा जोर आधीच दीडपट धरलेला आहे. त्यावर तन्यतेचे तपशीलही सक्तीचे करायला जिल्हा परिषदेला दिल्लीहून परवानगी लागत नाही. निविदेत एक ओळ घालावी लागते. आणि स्लॅब टाकायच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी शिडीवर चढून सांध्यात डोकावून पाहावं लागतं. काँक्रीट पडल्यावर आत काय आहे ते दिसत नाही. तपासायची वेळ ती एकच.

शेवटी, आधीच बांधून झालेल्या घरांचं काय? शटरच्या तळमजल्याची घरं मजबूत करता येतात. दुकानांच्या मधल्या आणि मागच्या बाजूंना योग्य ठिकाणी काँक्रीटची भिंत घालून, किंवा कॉलमभोवती नव्या सळया, नव्या रिंगा आणि नवं काँक्रीट चढवून. पण हे नवं कवच खाली फुटिंगमध्ये आणि वर सांध्यातून पलीकडे गेलं पाहिजे. नुसता जमिनीपासून बीमपर्यंत जाड केलेला कॉलम देखणा दिसतो, आणि त्याची कमजोर जागा जशीच्या तशी राहते. म्हणून हे काम मिस्त्रीच्या अंदाजाने करू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घर मोजून घ्या, आणि त्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच ठेवा : सांध्यात रिंगा आहेत की नाहीत, आणि नसतील तर काय करायचं.